शिवराक

आमच्या मालवणी घरात ‘शिवराक’ हा वाराचा गुण होता. सोमवार शिवराक, संकष्टी शिवराक, एकादशी शिवराक, श्रावण तर अख्खाच. त्या दिवशी माशांचं भांडं चुलीवर चढायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच आई त्याच विळीवर बांगडे कापायला बसायची आणि कालच्या पावित्र्याचा तिच्या चेहऱ्यावर मागमूस नसायचा. माणूसच शिवराक असू शकतो, तोही जन्मापासून आणि खानदानासकट, हे मला मुंबईत आल्यावर कळलं. आणि वयाच्या पंचेचाळिशीनंतर मी स्वतःच तसा झालो. म्हणजे खानदान सोडून बाकीचा.

हे कसं झालं याची गोष्ट सांगण्यासारखी नाही, इतकी ती साधी आहे. रविवारची सकाळ होती. कोपऱ्यावरच्या चिकनच्या दुकानात मी नेहमीसारखं बोट दाखवलं, ‘ती नको, मागची’ असं म्हणालो आणि कोथिंबीर आणायला पलीकडे गेलो. परत आलो तेव्हा निळ्या ड्रममधली फडफड थांबली होती. पिशवी हातात घेतली तर ती गरम लागली. ती गरमच असते. गेली वीस-बावीस वर्षं दर रविवारी ती माझ्या हाताला गरमच लागत होती. त्या दिवशी मात्र घरापर्यंतचं अंतर संपेना. घरी रस्सा झाला आणि मी जेवलोही. पुढच्या रविवारी दुकानाकडे पाय वळले नाहीत.

मटण त्याच महिन्यात सुटलं. मासे सुटायला आणखी आठ महिने लागले, कारण कोकणातल्या माणसाच्या मनात मासा हा प्राण्यांत मोडतच नाही. तो भाजी आणि हवामान यांच्या मधला काहीतरी असतो. शेवटी कुर्ल्यांनी तो हिशेब पुरा केला. जिवंत कुर्लीचे डेंगे मोडताना जो आवाज येतो, तो लहानपणी मला भुकेचा आवाज वाटायचा.

गावी फोनवर सांगितलं तेव्हा आई पहिल्यांदा गप्प झाली. मग म्हणाली, ‘‘झिला, तुका बरा नाय काय? डाक्तरान सांगल्यान?’’ डॉक्टरांनी काही सांगितलेलं नाही म्हटल्यावर पुढचा प्रश्न, माळ घातलीस का. तेही नाही. ‘‘मगे?’’ या ‘मगे’ला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. ऑफिसातल्या एका जुन्या मित्राने, जो चळवळीतला आहे आणि माझ्यावर मनापासून रागावू शकतो, विचारलं, ‘‘काय रे, बामण व्हायचंय का आता?’’ शेजारच्या काकूंनी आनंदाने मान डोलावली आणि ‘सुटलात एकदाचे’ म्हणाल्या, जणू मला काही व्यसन होतं. आजार, देव, जात, व्यसन असा सगळा तपास झाला. एकालाही कोंबडी आठवली नाही.

माझा लेख खरं तर या न आठवलेल्या कोंबडीबद्दल आहे.

आपल्याकडे मांस न खाण्याला शेकडो वर्षांचा इतिहास आहे, शब्द आहेत, व्रतं आहेत, आता कायदेही आहेत. या एवढ्या मोठ्या संसारात प्राणी मात्र फार क्वचित भेटतो. भेटतं ते स्वतःचं पोट, स्वतःची चूल, स्वतःचं सोवळं. ‘शुद्ध शाकाहारी’ या पाटीतला ‘शुद्ध’ हा शब्द बकऱ्याची बाजू घेत नाही. तो भांड्याबद्दल बोलतो, आणि भांड्याला कोणाचा हात लागला याबद्दल.

कारणं मला नंतर मिळाली. घर घेऊन झाल्यावर माणूस कागदपत्रं जमवतो, तशी मी ती जमवली. पीटर सिंगरचं 1975 सालचं ‘अॅनिमल लिबरेशन’ वाचलं. वेदना होऊ शकते की नाही एवढंच पाहा, बुद्धी किती आहे ते पाहू नका, हा त्याचा मुद्दा मला अजून खोडता आलेला नाही. पशुपालनातून किती हरितगृह वायू बाहेर पडतात त्याचे आकडेही गोळा केले. अन्न आणि कृषी संघटनेने 2013 मध्ये तो वाटा साडेचौदा टक्के धरला होता. वनस्पतींनाही जीव असतो असं ऐकवणारे भेटले. त्यांना सांगायला शिकलो की कोंबडी आधी मका खाते आणि मग आपण कोंबडी, म्हणजे वनस्पतींची फारच दया येत असेल तरी पंगत इकडेच मांडावी लागेल. सगळे युक्तिवाद ठीक आहेत. पण त्यांच्यातल्या एकानेही माझी पिशवी गरम केली नव्हती.

आधी निर्णय आणि मग कारणं, हे काही माझंच नाही. गांधी 1888 साली विलायतेला निघाले ते आईसमोर मांस न खाण्याची शपथ घेऊन. राजकोटला असताना मित्राच्या नादाने त्यांनी चोरून मांस खाल्लेलं होतं, आणि इंग्रजांना हरवायचं तर सगळ्या देशाने ते खायला हवं असं त्यांचं मत होतं. लंडनमध्येही ते मत कायम होतं. केवळ शब्द दिलाय म्हणून ते उकडलेल्या भाज्यांवर अर्धपोटी दिवस काढत होते. पुढे फॅरिंग्डन स्ट्रीटवर एक शाकाहारी खानावळ सापडली, तिथे हेन्री सॉल्ट यांची शाकाहाराची बाजू मांडणारी पुस्तिका मिळाली, आणि ती वाचल्यानंतर आपण स्वतःच्या पसंतीने शाकाहारी झालो असं त्यांनी आत्मचरित्रात नोंदवलं आहे. गंमत पाहा, हा माणूस वैष्णव वाण्याच्या घरात जन्मलेला. त्यालाही शाकाहारी ‘व्हावं’ लागलं, आणि त्यासाठी एका इंग्रजाची मदत घ्यावी लागली.

जन्माने शाकाहारी असलेल्या माणसाने काहीच सोडलेलं नसतं, असं मी म्हणतो तेव्हा माझे काही मित्र दुखावतात. पण ते खरं आहे. माझ्या वर्गातला जो मुलगा डब्यात सुकट दिसली की नाक दाबून बाक बदलायचा, त्याला मासा नकोच होता. न मागितलेल्या गोष्टीचा त्याग कसा होईल? त्याच्याजवळ किळस होती, आणि ती त्याला दया वाटायची. माझ्याजवळ किळस नाही. मृगाच्या पहिल्या सरीला खालच्या मजल्यावर कोणी सुका बांगडा भाजायला घेतला की आजही माझ्या तोंडाला पाणी सुटतं, पेजेची वाटी डोळ्यांपुढे येते आणि संध्याकाळ नासते. संस्कृतात मांसाला ‘आमिष’ म्हणतात आणि मराठीत आमिष म्हणजे गळाला लावलेलं, मोहात पाडणारं काहीतरी. या हिशेबाने निरामिष म्हणजे ज्याला मोहच पडत नाही तो. मी काही निरामिष नाही. मी फक्त खात नाही.

हा भेद मला महत्त्वाचा वाटतो, कारण किळस कधी ताटात थांबत नाही. आधी पदार्थाची, मग तो शिजवणाऱ्या भांड्याची, मग त्या घराच्या वासाची आणि शेवटी त्या घरातल्या माणसाची, असा तिचा रस्ता ठरलेला आहे. डॉ. आंबेडकरांनी 1948 च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये जी मांडणी केली ती आपण नीट पचवलेलीच नाही. बौद्ध धर्माशी चाललेल्या चढाओढीत ब्राह्मणांनी गोमांस सोडलं आणि पुढे जाऊन मांसच सोडलं, आणि ज्यांना मेलेल्या जनावराचं मांस खाण्यावाचून गत्यंतर नव्हतं ते अस्पृश्य ठरले, असं त्यांचं प्रतिपादन आहे. कोणी त्याच्या तपशिलांशी वाद घालो. पण ताटावरून माणसाची पायरी ठरवण्याची आपली सवय कुठून आली, हा प्रश्न त्याने टळत नाही. एम. एन. श्रीनिवास ज्याला संस्कृतीकरण म्हणाले त्यातही हेच आहे. जातीला वर सरकायचं असलं की आधी दारू आणि मटण बंद. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ वाचताना मला लाज वाटली ती वेगळ्याच कारणाने. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवर काय शिजत होतं, मांसाच्या चान्या कशा वाळवून ठेवत, तेल-तुपावाचून चव कशी आणत, हे मला माहीत नव्हतं. मासे खाणारा म्हणून मी स्वतःला उगाच बंडखोर समजत होतो. कोकणी माशाला शहरात मान आहे. त्याची थाळी हजाराला मिळते. त्या चान्यांना तो मान कोणी दिला नाही.

म्हणून मित्राच्या ‘बामण व्हायचंय का’ला मी थट्टेवारी नेऊ शकलो नाही. तो मला विचारत होता की तू हे सोडून कोणाच्या बाजूला जाऊन बसलास. मी कुठेही गेलेलो नाही असं मला वाटत होतं. पण आपल्याकडे माणूस स्वतः जात नाही तेव्हाही त्याला नेऊन बसवलं जातं, हे लवकरच कळलं.

भाड्याने घर शोधत होतो. एका उपनगरात, स्टेशनपासून दहा मिनिटांवर, हवेशीर जागा. एजंटने फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘व्हेज ना?’’ हाच प्रश्न वीस वर्षांपूर्वी मला विचारला गेला होता. तेव्हा मी आडनाव सांगितलं होतं आणि पलीकडून फोन ठेवला गेला होता. या वेळी मी खरं बोलून ‘हो’ म्हणू शकत होतो. म्हणालोही. त्याचा आवाज लगेच बदलला, ‘साहेब’ सुरू झालं. सोसायटी किती शांत आहे, लोक किती चांगले आहेत. चांगले म्हणजे कोण, हे त्याने सांगितलं नाही आणि मला कळलं. जागा बघून झाली. मालकांसमोर बसलो असताना माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘मी खात नाही, पण बायको खाते. आणि आई आली की तिला मासे लागतात.’’ चहा अर्धा राहिला. माझं मांस सोडणं त्यांना हवं होतं, पण त्यांना ते घराण्याच्या दाखल्यासारखं हवं होतं. दाखल्यावर बायकोचं आणि आईचंही नाव लागतं.

त्या अर्ध्या चहानंतर मला बऱ्याच गोष्टी वेगळ्या दिसू लागल्या. पवईच्या आयआयटीत 2023 साली वसतिगृहाच्या खानावळीतली काही टेबलं शाकाहाऱ्यांसाठी राखून ठेवली गेली आणि त्याचा निषेध केल्याबद्दल विद्यार्थ्याला 10,000 रुपये दंड झाला. 2024 च्या मार्चमध्ये झोमॅटोने शुद्ध शाकाहारी गिऱ्हाइकांसाठी हिरव्या पोशाखातली वेगळी पोरं जाहीर केली आणि ओरड झाल्यावर दुसऱ्याच दिवशी तो हिरवा रंग मागे घेतला. मी पूर्ण शाकाहारी आहे. शेजारच्या ताटात मटण असल्याने माझ्या वरणभाताला काय होतं ते मला खरोखर कळत नाही. बकऱ्याचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. टेबल वेगळं केल्याने ते परत येत नाही. मग वेगळं टेबल नक्की कोणासाठी?

उलट, आपल्याच मातीत याहून फार चांगला नमुना आहे, तो म्हणजे माळकरी. मराठा, कुणबी, माळी, धनगर अशा खाणाऱ्या घरांतला माणूस पंढरीला जातो, तुळशीची माळ घालतो आणि त्या दिवसापासून वशाट बंद करतो. ते त्याने ठरवलेलं असतं. भाऊ खातो, पोरं खातात, गावजत्रेला बकरं पडतं. हा त्याच मांडवात बसून वेगळी भाकरी-भाजी खातो आणि पंगतीत पाणीही वाढतो. चुकला तर लोक ‘माळ खुंटीला टांगली का’ म्हणून हसतात, म्हणजे ते परत फिरण्याचीही सोय राहते. मी माळ घातलेली नाही, माझा विठ्ठलाशी संबंध वारी पाहण्यापुरता आहे. पण मला जर कोणाच्या रांगेत उभं करायचंच असेल तर त्यांच्या करा.

अर्थात माळकऱ्यालाही एक बायको असते. माझी आत्या माळकरीण होती आणि सत्तराव्या वर्षापर्यंत घरच्यांसाठी मासे करत होती, चव न घेता. आमटीवर वाकून वास घ्यायची आणि मीठ टाकायची, कधी चुकलं नाही. घरातल्या पुरुषाने सोडलं की स्वयंपाकघर बदलतं, बाईने सोडलं की फक्त तिचं ताट बदलतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत 15 ते 49 वयाच्या पुरुषांपैकी सुमारे 83 टक्के कधी ना कधी मासे, चिकन किंवा मटण खाणारे निघाले, बायकांपैकी सुमारे 71. या बारा टक्क्यांच्या फरकात भक्ती किती, मर्जी किती आणि शेवटी उरलेला नुसता रस्सा किती, हे पाहणीत विचारत नाहीत. माझ्या घरीही पहिले काही महिने दोन भाज्या बायकोनेच केल्या. मी तत्त्व पाळत होतो, आणि कांदा ती चिरत होती. हे लक्षात आल्यावर मी उसळी शिकलो.

त्या शिकण्यात सुख होतं, हे कबूल करतो. भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप, धणे, मिरी आणि काळे वाटाणे. आंबोळीबरोबर ते सांबार खाताना आपण काही गमावलंय असं वाटत नाही. कुळथाची पिठी, चैत्रात ओल्या काजूगरांची उसळ, कोवळ्या फणसाची भाजी, पावसाच्या सुरुवातीची अळंबी. सोमवारच्या स्वयंपाकात हे सगळं होतंच. आठवड्यातून एकदा येत असल्यामुळे मी त्याला पाहुण्यासारखं वागवत होतो. लग्नांत मात्र हाल. शाकाहारी म्हटलं की केटरर पनीरचे चौकोन पुढे करतो, जणू माशाच्या जागी काहीतरी पांढरं आणि मऊ ठेवलं की काम झालं.

शरीराने वेळ घेतला आणि मग बिल पाठवलं. तिसऱ्या वर्षी पायांना मुंग्या येऊ लागल्या. तपासणीत बी-12 तळाला गेलेलं. हे जीवनसत्त्व जिवाणू बनवतात आणि ते प्राण्यांच्या मार्फत आपल्याकडे येतं. वनस्पतींत ते नाही, दुधात आहे पण बेताचं. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून नव्या शाकाहाऱ्याला सुरुवातीला काहीच कळत नाही आणि तो आपल्या तब्येतीचे पवाडे गात फिरतो. मीही गायलो. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 441 पुरुषांची तपासणी करून 2006 साली जे प्रसिद्ध केलं त्यात दोन तृतीयांश पुरुषांत बी-12 कमी होतं, आणि शहरी मध्यमवर्गात तर प्रमाण सर्वांत जास्त. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची सात्त्विक घरंही यातून सुटलेली नाहीत. तरी ‘आमचे पूर्वज काय गोळ्या खात होते?’ हे ऐकवणारे भेटतात. मी गोळी घेतो. प्राणी मारायचा नाही असं ठरवलं तर त्याची किंमत औषधाच्या दुकानात मोजणं हे काही कमीपणाचं नाही, आणि मुलाबाळांना व गरोदर बाईला ती न मोजता नुसतं तत्त्व वाढणं हा गुन्हा आहे.

आता दूध. इथे माझी बाजू लंगडी पडते, आणि ती मी लपवणार नाही. म्हैस दूध देते कारण ती व्यालेली असते. रेडकू नर निघालं तर त्याला गोठ्यात जागा नसते. आटलेली म्हैस कुठे जाते हे गावाकडच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दुधाच्या उत्पादनात जगात पहिला असलेला आपला देश म्हशीच्या मांसाच्या निर्यातीतही आघाडीवर आहे, आणि हे दोन धंदे एकाच जनावराच्या दोन टोकांना उभे आहेत. 2015 मध्ये महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली तेव्हा शहरातल्या शाकाहाऱ्यांनी पेढे वाटले. थकलेला बैल पोसायचा कोणी, हा हिशेब कोरडवाहू शेतकऱ्याच्या दावणीला बांधून ठेवला गेला. पेढेही दुधाचेच होते. गांधींनी याच्याशीही झटापट केली: 1912 मध्ये दूध सोडण्याची शपथ घेतली, पुढे आजारपणात कस्तुरबांच्या सांगण्यावरून शेळीचं घेतलं आणि शपथेचा शब्द पाळला पण शपथेचा आत्मा गेला हे आयुष्यभर मनाला लावून घेतलं. माझ्यात तेवढं बळ नाही. सकाळचा चहा मी दुधाचाच पितो. त्यामुळे कोणी मला ‘शुद्ध’ म्हटलं की मी दुरुस्ती करतो.

आणि दुरुस्ती न करता येण्यासारखीही एक गोष्ट आहे. बाजारात माझी ठरलेली मावशी होती, तिच्याकडून पंधरा वर्षं मासे घेतले. पापलेट ताजं नसलं तर ‘आज नको न्हेऊ’ म्हणून परत पाठवायची. आता तिच्या टोपलीसमोरून जाताना मी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने जातो. एकदा तिने हाक मारलीच. ‘‘सोडलंस म्हनं?’’ म्हणाली. मी हो म्हटलं. ‘‘बरं हाय,’’ म्हणाली आणि माश्या हाकलू लागली. माझ्या दयेत मासा आला आणि ती बाहेर पडली, हे मला दिसतं. यावर काय म्हणायचं ते अजून सुचलेलं नाही. बायकोसाठी मासे तिच्याकडूनच आणावेत असं ठरवलंय. अजून धीर झालेला नाही.

गणपतीत गावी गेलो होतो. पंचमीला उंदीरबी, मग गौरी, सगळं शिवराक, त्यामुळे चार-पाच दिवस मी आणि घर एकाच ताटात. विसर्जन झालं. दुसऱ्या दिवशी आईने बांगडे आणले, स्वतःसाठी दोन तळले, आणि माझ्यासाठी काळ्या वाटाण्याचं सांबार आणि वडे. समोरासमोर जेवायला बसलो. तिने काटा अलगद काढला, माझ्या पानाकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘‘तुझो सोमवार कधी संपतलो रे?’’

मी आणखी एक वडा मागितला.